निकाल देणारे फार झाले, विचारणारा कोण?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो आणि तरीही चढतो. वरोरा, राजुरा, धानोरा, कुठल्याही तहसील कचेरीसमोर कामाच्या दिवशी तासभर उभे राहा. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा आणि नकाशाची नक्कल घेऊन आलेला माणूस दिसेलच. भांडण कशाचे? हातभर धुऱ्याचे. कोणाशी? सख्ख्या भावाशी, नाहीतर धुऱ्याला धुरा लागलेल्या शेजाऱ्याशी. वावरात बोंडे फुटून कापूस पांढरा झालेला असतो आणि मालक तारखेवर असतो. त्या हातभर जमिनीत जन्मभर ज्वारी पिकवली तरी बसचे भाडे आणि वकिलाची फी निघायची नाही. हे त्याला कळत नाही असे समजू नका. त्याला पक्के कळते. तरी तो का जातो, हे मात्र त्याला कोणी विचारलेले नसते. सांगायला सगळे गाव होते. विचारायला कोणीच नव्हते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. आपल्या गावांत निकाल देणारे उदंड झाले आहेत. सरपंच निकाल देतो, पाटील निकाल देतो, पुढारी जीपमधून उतरता उतरता निकाल देतो. निकालाने तंटा दबतो. सुटायचा असेल तर आधी त्याची गाठ कुठे आहे ते सापडावे लागते, आणि गाठ विचारल्याशिवाय सापडत नाही.

आधी आमचीच चूक सांगतो. एका गावातला पांदणीचा तंटा आमच्याकडे आला. एकाच्या वावरातून मागच्या वावरात जायची जुनी वहिवाट होती, ती पुढच्याने अडवली. मागच्याचा कापूस निघेना. आम्ही पाच जण गेलो, देवळाच्या ओट्यावर बसलो, नकाशा पाहिला आणि अर्ध्या तासात निकाल दिला : रस्ता मोकळा कर. दोघांचे हात हातात दिले, चहा घेतला आणि तंटा मिटवल्याच्या तोऱ्यात परत आलो. दुसऱ्या साली त्याच जागी बोरीच्या काट्या पडल्या. आम्ही पुन्हा गेलो, आता चांगले झापायचे म्हणून. तेव्हा त्या घरची म्हातारी बोलली, "तुमी त्याले रस्ता दे म्हनलं. पन आमची पऱ्हाटी किती सालं तुडवली, हे कोनी इचारलं काय?"

मग विचारले. पावसाळ्यात त्या वाटेवर गुडघाभर चिखल होतो. मागच्याचा ट्रॅक्टर चिखल टाळायला उभ्या पऱ्हाटीतून जातो. दर साली दोन-तीन तासे जातात. पुढच्याचा रस्त्याला विरोध कधी नव्हताच, त्याचा विरोध तुडवणीला होता. आणि मागच्याला हे ठाऊक असून तो गप्प होता, कारण कबूल केले तर भरपाई मागतील ही भीती. दोघांनी मिळून मुरूम टाकायचा, आणि मुरूम पडेपर्यंत पावसाळ्यात ट्रॅक्टर न्यायचा नाही, बैलगाडीच न्यायची, एवढ्यावर ते मिटले. मुरूम नकाशात नव्हता. चिखलही नकाशात नव्हता. आम्ही नकाशाला विचारले, माणसाला विचारले नाही.

कोणी म्हणेल, त्यासाठी कायदा आहे. आहेच. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली, आणि धुऱ्यावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. हा हक्क सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण आदेश रस्ता देईल. त्या रस्त्यावर समोरासमोर आल्यावर दोघांनी रामराम घालायचा की मान फिरवायची, हे कोणत्याही आदेशात लिहिलेले नसते. आणि आपल्याला त्याच धुऱ्यावर, त्याच पाण्यावर, एकमेकांच्या बैलांवर जन्म काढायचा आहे.

मग विचारायचे कसे? विचारणे हीसुद्धा डवरणीसारखी शिकायची गोष्ट आहे. पास वर राहिली तर गवत जात नाही, फार खोल गेली तर पिकाची मुळे तुटतात.

"तू धुरा फोडला की नाही?" हा ठाणेदाराचा प्रश्न आहे. त्याला दोनच दारे. हो म्हटले तर गावासमोर मान खाली, नाही म्हटले तर खोटेपणा. तिसरे दार ठेवा : "काय काय झालं, पहिल्यापासून सांगा." माणूस मग आपल्या वाटेने बोलत जातो, आणि जाता जाता नकाशात नसलेला चिखल दाखवतो.

"का" हा शब्द जपून वापरा. "काट्या का टाकल्या?" म्हटले की ऐकणाऱ्याला आरोप ऐकू येतो आणि तो वकिली सुरू करतो. "काट्या टाकल्या त्या दिवशी काय झालं होतं?" म्हटले की तोच माणूस हकिगत सांगतो.

प्रश्नाच्या कपड्यातला निकाल ओळखा. "तू मोठा आहेस, सोडून द्यावं असं नाही वाटत तुला?" हा प्रश्न नाही, हा फर्मान आहे. असे विचारणारा पंच एका बाजूला बसला हे दुसऱ्याला लगेच कळते, आणि मग तो खरे बोलत नाही.

मागणी वेगळी, नड वेगळी. "रस्ता देणार नाही" ही मागणी. "पऱ्हाटी तुडवली जाते" ही नड. मागणी मागणीशी टकरते, नडीला मात्र तोड निघू शकते. म्हणून विचारा, "हे झालं तर तुमचं काय भागेल? नाही झालं तर काय अडेल?"

ऐकलेले परत सांगा. "तुमचं म्हणणं आम्हाला असं कळलं, बरोबर आहे का? काही राहिलं का?" जो माणूस एकच गोष्ट पाच वेळा ओरडून सांगतो, त्याला ती कोणी ऐकली असे वाटलेले नसते. एकदा त्याच्या तोंडचे नीट परत सांगा, त्याचा आवाज आपोआप खाली येतो. आणि हे दुसऱ्याच्या समोर सांगा. शेजाऱ्याची नड पंचाच्या तोंडून ऐकताना कान वेगळे लागतात.

बोलणे अडले तर दोघांना वेगवेगळे बसवा. चारचौघांत जे निघत नाही ते एकट्याने निघते. तिथे विचारा, "समजा, हे मिटलं नाही. पुढच्या मृगाला काय होईल? तुमच्यानंतर पोरं हा तंटा कसा चालवतील?" हे धाकदपटशाच्या सुरात विचारायचे नाही. माणसाला स्वतःच हिशोब करू द्यायचा. त्याने तिथे सांगितलेले त्याच्या परवानगीशिवाय बाहेर न्यायचे नाही. आणि प्रश्न विचारला की गप्प बसायचे. आपल्या पंचांना सगळ्यांत जड जाते ते हेच.

हो की नाहीचा प्रश्न शेवटी कामाला येतो. मुरूम किती ट्रॉल्या? कोणत्या तारखेला? पैसे कोण किती? तिथे गोल बोलून चालत नाही.

हे शहरातल्या साहेबांचे खूळ आहे असे वाटत असेल तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाकडे पाहा. गोंड आदिवासींचे लहानसे गाव. देवाजी तोफा यांच्यासारखी गावची माणसे आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती यांनी तिथे १९८० च्या दशकापासून एक रीत रुजवली. ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. त्याच्या जोडीला अभ्यास गट. अभ्यास गटात चर्चा होते, माहिती गोळा होते, प्रश्न विचारले जातात, पण निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेचा. याचा अर्थ नीट पाहा. बहुमतात एकावन्न जणांनी हात वर केले की एकोणपन्नास जणांना विचारायची गरज संपते. सर्वसहमतीत एक जण नाही म्हणाला तरी थांबावे लागते, आणि त्याला काय खुपते हे समजून घ्यावे लागते. तिथे नाही म्हणणारा अडचण ठरत नाही, गावाला न दिसलेले काही तरी तो दाखवतो आहे असे धरावे लागते.

ही सवय त्या गावाला सरकारशी बोलतानाही कामी आली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याचा सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी वनखाते बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना, बांबू इमारती लाकडात मोजला जाई. गावाचा प्रश्न साधा होता : कायद्यात बांबू गौण वनोपज लिहिला आहे, मग आमचा बांबू आम्हाला विकता का येत नाही? एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. नीट अभ्यासून विचारलेला आणि न सोडलेला प्रश्न काय करतो, ते आपल्याच मुलखात आहे. लांब जायला नको.

आणि आपल्याकडे काय झाले? १५ ऑगस्ट २००७ ला राज्य सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावचे तंटे गावात मिटावेत, हा विचार चांगला होता आणि आजही चांगला आहे. पण त्याला बक्षीस लावले, आणि बक्षिसाला रजिस्टर लागते, रजिस्टरला आकडा लागतो. किती दाखल, किती मिटले. जिथे आकड्याची घाई झाली तिथे समितीने विचारायचे सोडले आणि सह्या घ्यायला सुरुवात केली. सही करून घरी गेलेला माणूस काट्या गोळा करायला लागला तर त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते?

लोकअदालतीतही हेच ध्यानात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिथला निवाडा दिवाणी हुकुमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी सगळे विचारून घ्या. उलट, संसदेने २०२३ साली केलेल्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे प्रकरण आहे. दोन्ही बाजूंची संमती आधी हवी, मध्यस्थ तीन. आणि त्यातून झालेला समझोता कोर्टाच्या हुकुमनाम्यासारखा बजावता येणार नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. काहींना ही उणीव वाटते. आम्हाला यात सत्य दिसते. गावचा समझोता टिकतो तो दोघांच्या मनावर.

आता एक इशारा. प्रश्नाची कला सगळ्या तंट्यांना लावू नका. बाईला मारहाण झाली, कोणावर जातीवरून अत्याचार झाला, रानडुकरासाठी तारेत सोडलेल्या करंटने माणूस गेला, तिथे "दोघांनी समजून घ्या" म्हणणे हा दुसरा अन्याय आहे. तो विषय पोलिसांचा आणि कोर्टाचा. एक सावकार आणि दुसरा त्याचा कर्जदार असेल, तर दोघे एका सतरंजीवर बसले म्हणून बरोबरीचे होत नाहीत. पंचाने आधी पाहावे, कोण कोणाला भितो. भिणाऱ्याला आधी वेगळे विचारा, आणि बोलल्याबद्दल त्याच्यावर उद्या काय बेतेल तेही विचारा. त्याचे उत्तर देता येत नसेल तर तंटा हाती घेऊ नका.

आणि बायांना विचारा. पांदण बंद झाली तेव्हा कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन चिखलातून कोण चालले? ओट्यावर बसलेल्या आमच्या पाच जणांत एकही बाई नव्हती. असती तर एक साल वाया गेले नसते.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने एवढे करून यावे. गावातला एक जुना तंटा निवडा. त्यात आजवर किती जणांनी निकाल दिले ते मोजा. मग दोन्ही बाजूंना कोणी कधीच न विचारलेले तीन प्रश्न कागदावर लिहा. नावे लिहू नका, प्रश्न लिहा. विचारणारे दोघे निवडा, त्यातली एक बाई असू द्या, आणि त्यांनी निकाल देणार नाही असे आधी कबूल करावे. मेळाव्यात त्या प्रश्नांवर बोलू, कुठला प्रश्न उघडतो आणि कुठला टोचतो ते पाहू.

सरकारला, व्यापाऱ्याला, वनखात्याला जाब विचारायला आपण रस्त्यावर उतरतो आणि उतरत राहू. पण धुऱ्यापलीकडच्या भावाला "तुझं काय अडलं आहे?" एवढे विचारायला आपली जीभ जड का होते, हे एकदा स्वतःलाच विचारू.