मिटवायचं नाय, भांडायचं!

मोर्चा आहे म्हटलं की दोनशे पोरं गोळा होतात. खातेवही वाचायची म्हटलं की सगळी पानाच्या टपरीवर. टॅक्स, ऑडिट, अपील ही शेटजींची भानगड, आपला काय संबंध? "आपल्याकडं टॅक्स भरायला आहे काय?" हा आपला ठरलेला विनोद.

दोस्तांनो, तो विनोद शिळा झाला. आपला बाप गिरणीत होता. गिरणी मेली. सरकारी नोकरीचं दार किलकिलं राहिलं आणि ठेकेदारीचं सताड उघडलं. मग कुणी टेम्पो घेतला, कुणी मंडप-डेकोरेशन काढलं, कुणी सफाईचा ठेका घेतला, कुणी चार मशिनी टाकून बॅगा शिवायला बसला. माल मोठ्या दुकानाला द्यायचा तर दुकान बिल मागतं, बिलावर जीएसटी नंबर मागतं. नंबर घेतला की तू कायद्याच्या वहीत चढलास. १ जुलै २०१७ पासून ही वही चालू आहे. आणि वहीत चढलेल्याच्या दारात ऑडिट कधीही येऊ शकतं.

माझ्या मामाच्या दारात आलं.

मामाचा धारावीत दहा बाय पंधराचा गाळा. चार मशिनी, पाच कारागीर. चामड्याच्या बॅगा, पाकिटं, पट्टे. चामड्यावर नुसतं बोट फिरवून मामा त्याची जात सांगतो – चामड्याची, माणसाची नाय. पण कागद समोर आला की हाच माणूस घामानं भिजतो. शाळेनं ज्याला मागच्या बाकावर बसवलं त्याला सरकारी कागद कायमच मास्तरच्या छडीसारखा दिसतो.

२०२१-२२ च्या हिशेबाचं ऑडिट निघालं. नोटीस पोर्टलवर. पोर्टलचा पासवर्ड एजंटाकडे, नोंदवलेला मोबाइल एजंटाचा, ई-मेल एजंटाचा. एजंट म्हणाला, "टेन्शन घेऊ नका शेठ. साहेबांशी बोलणं झालंय. मिटवून टाकू." मामाला जन्मात पहिल्यांदा कुणी शेठ म्हटलं. त्या एका शब्दाला माणूस भुलला. मिटवायला वीस हजार मोजले. पावती? कसली पावती? ते पैसे कुठल्या साहेबापर्यंत पोचले की एजंटाच्याच खिशात राहिले, मामाला आजही ठाऊक नाही.

गाळ्यावर माणूस आला, खरेदीच्या बिलांची फाइल घेऊन गेला. पोच दिली नाही. मामानं मागितली नाही.

आक्षेप काय निघाला? ज्या व्यापाऱ्याकडून मामानं चामडं घेतलं, त्यानं मामाकडून टॅक्स घेतला, बिल फाडलं, आणि तो टॅक्स सरकारात भरलाच नाही. दुकानाला कुलूप लावून गायब. मामानं मात्र त्या टॅक्सची वजावट घेतलेली, बाजारात जिला आयटीसी म्हणतात ती. कायद्याचं कलम १६ म्हणतं, विकणाऱ्यानं टॅक्स खरोखर भरला असेल तरच घेणाऱ्याला वजावट. म्हणजे चोरी एकाची, वसुली दुसऱ्याकडून. आकडा तीन लाख साठ हजार. वर व्याज, वर दंड.

कारणे दाखवा नोटीस पोर्टलवर पडली. उत्तर गेलं नाही. आदेश पोर्टलवर पडला. कुणी उघडला नाही. मामाला आदेश कळला तो बँकेच्या काउंटरवर. कारागिरांचा पगार काढायला गेला तर खातं गोठलेलं. तारखा मोजल्या. आदेश होऊन पाच महिने झाले होते.

अपिलाची मुदत तीन महिने. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर आणखी एक. पाचव्या महिन्यात दार वाजवलं तर उशीर माफ करायचा अधिकार अपील अधिकाऱ्याला या कायद्यानं दिलेलाच नाही. मामाची बाजू खरी की खोटी, कुणी पाहिलंसुद्धा नाही. केस उभी राहायच्या आधीच पडली. मामानं दोन मशिनी विकल्या.

आता एक हिशेब बघा. साधा, तिसरीतला. मामानं वेळेत अपील केलं असतं तर किती भरावं लागलं असतं? वादातल्या टॅक्सच्या दहा टक्के. तीन लाख साठ हजाराचे छत्तीस हजार. कलम १०७ म्हणतं, हे भरलं की बाकीच्या रकमेची वसुली थांबते. अपील जिंकलं तर कलम ११५ प्रमाणे हे छत्तीस हजार व्याजासकट परत. आणि 'मिटवायला' दिलेले वीस हजार? ते कुठल्याच कलमात बसत नाहीत. परत नाहीत, व्याज नाही, वसुली थांबली नाही. गरिबाला भांडण महाग वाटतं म्हणून तो मिटवामिटवी करतो, आणि मिटवामिटवीच त्याला बुडवते. एजंटाचा धंदाच मुळी या भीतीवर चालतो.

ही भीती कुठून येते? कायदा काय म्हणतो हे आपण वाचलेलं नसतं तिथून. तर वाचा.

ऑडिट कलम ६५ खाली होतं. नोटीस एडीटी-०१ या नमुन्यात, कमीत कमी पंधरा कामाचे दिवस आधी द्यावी लागते. सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत ऑडिट संपवायचं. आयुक्तानं लेखी कारण देऊन वाढवलं तर आणखी सहा महिने, त्यापुढं नाही. ऑडिटात फरक दिसला तर अधिकारी कळवू शकतो, तुला उत्तर देता येतं, आणि तुझं उत्तर विचारात घेऊनच त्यानं निष्कर्ष पक्का करायचा असतो. निष्कर्ष एडीटी-०२ मध्ये, तीस दिवसांत, कारणांसकट.

हे नीट डोक्यात ठेवा: एडीटी-०२ म्हणजे वसुलीचा आदेश नव्हे. तो कागद बघून घाबरून दागिने मोडायचे नाहीत. त्यानंतर कारणे दाखवा नोटीस यावी लागते, डीआरसी-०१. २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांसाठी कलम ७३ किंवा ७४, २०२४-२५ पासून ७४अ. नोटीस हातात आली की पहिल्यांदा शोधायचं: तुझ्यावर लबाडीचा, माहिती दडवल्याचा आरोप आहे का? असेल तर दंड टॅक्सएवढाच, शंभर टक्के. नसेल तर दहा टक्के किंवा दहा हजार, जे जास्त असेल ते. बिल आहे, पैसे बँकेतून गेलेत, माल आलाय, तरी 'लबाडी' लिहिलं असेल तर त्या एका शब्दावर आधी भांडायचं.

उत्तर लेखी. सुनावणी मागायची तीसुद्धा लेखी. कलम ७५ म्हणतं, मागितली तर द्यावीच लागेल, आणि निकाल तुझ्या विरोधात जाणार असेल तर न मागताही द्यावी लागेल. सबळ कारण असेल तर तीन वेळा तारीख वाढवून मिळते. नोटिशीत नसलेला मुद्दा आदेशात घुसवता येत नाही, नोटिशीपेक्षा मोठा आकडा लावता येत नाही. सगळे कागद याच टप्प्यावर जोडायचे: बिलं, बँकेचं स्टेटमेंट, ट्रान्सपोर्टची पावती, ई-वे बिल. "अपिलात बघू" म्हणणारा एजंट खड्ड्यात घालतो, कारण अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत.

वकील नाही? कलम ११६ म्हणतं, नातेवाईक उभा राहू शकतो, तुझा नेहमीचा कामगार उभा राहू शकतो. फीचे पैसे नाहीत म्हणून हात बांधून बसायचं कारण नाही.

आणि मामासारखी केस लढता येत होती का? येत होती. २०२३ साली कोलकाता हायकोर्टानं सनक्राफ्ट एनर्जीच्या प्रकरणात सांगितलं, आधी टॅक्स बुडवणाऱ्या विक्रेत्याच्या मागं लागा, सरळ खरेदीदाराच्या मानेवर बसू नका. दुसऱ्या हायकोर्टांनी उलट निकालही दिलेत. म्हणजे प्रश्न उघडा आहे. उघड्या प्रश्नात भांडणाऱ्यालाच जागा मिळते. नोटीस पोर्टलच्या कुठल्या तरी कोपऱ्यात पडून राहिली आणि माणसाला कळलीच नाही, अशा काही प्रकरणांत दिल्ली आणि मद्रास हायकोर्टांनी आदेश रद्द करून पुन्हा सुनावणी द्यायला लावली. पण हायकोर्टात जायला जे लागतं ते मामाकडं नव्हतं. मशिनी विकून आधी कारागिरांचा पगार दिला.

आता कोणी म्हणेल, हा तर कायद्याचा भाट झाला. थांबा.

या कायद्यात दोन घड्याळं आहेत. तुझं घड्याळ लोखंडाचं. तीन महिने म्हणजे तीन महिने. साहेबाचं रबराचं. अपिलाचा निकाल वर्षात द्यावा असं कलम १०७ म्हणतं, पण पुढं शेपूट आहे: शक्य असेल तिथं. तुझ्या मुदतीला 'शक्य असेल तिथं' नाही. कारागीर आजारी असला, गाळ्यात पाणी शिरलं, घरात मयत झाली, एक महिना सवलत, मग दार बंद.

दुसऱ्या अपिलाचं न्यायाधिकरण २०१७ च्या कायद्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं. त्याचं उद्घाटन झालं २४ सप्टेंबर २०२५ ला. आठ वर्षं पायरीच नव्हती! ज्याच्याकडं पैसा होता तो मधली पायरी गाळून हायकोर्टात गेला. ज्याच्याकडं नव्हता तो भरत बसला, नाहीतर धंदा गुंडाळून बसला.

पोर्टलवर टाकलं की पोचलं, असं कलम १६९ मानतं. कुणाला पोचलं? ज्याच्या घरी कॉम्प्युटर, इंग्रजी आणि पगारी अकौंटंट आहे त्याला. जोतीबांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. कचेरीतला लिहिता हात न लिहित्याला कसा नाडतो, ते त्यात उघडं केलं. आज बोरू गेला, पासवर्ड आला. नाडणं तेच आहे. तेव्हा म्हणा, नोटीस मराठीत द्या. हातात द्या. मुदतीचं कुलूप सैल करा. चोर विक्रेत्याला आधी धरा. याच्यासाठी मोर्चा काढायला मी पहिला येईन.

पण मोर्चा निघेपर्यंत तुझे तीन महिने थांबत नाहीत.

आणखी एक दोस्त म्हणतो, हे सगळं पेटी-बूर्झ्वा आहे. आपण व्यवस्था उलथायची की तिचे फॉर्म भरायचे? त्याला माझं एवढंच विचारणं, मामाचं खातं गोठलं तेव्हा पाच कारागिरांच्या घरी चूल कुणाच्या क्रांतीवर पेटली? बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तो १९२३ साली. १९२५ ते १९२८ ते बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते. आपण त्यांचा निळा कोट घेतला, हातातलं पुस्तक घेतलं, पण पुस्तकात काय आहे ते विचारलं नाही. संविधानाचं कलम २६५ किती जणांनी वाचलंय? कायद्याच्या अधिकाराशिवाय कुठलाही कर लावता येणार नाही, वसूल करता येणार नाही. एका ओळीचं कलम. धारावीतल्या गाळ्यापासून मंत्रालयापर्यंत लागू.

हेही सांगून ठेवतो. टॅक्स बुडवणाऱ्याची वकिली मी करत नाही. गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेऊन जो दाबून बसतो, तो आपल्या आळीतला असला तरी चोर. तो पैसा शिष्यवृत्तीचा आहे, दवाखान्याचा आहे. देणं निघत असेल ते मुकाट भरा. नोटिशीआधी भरलं तर दंडही वाचतो. भांडायचं ते जे देणं आपलं नाही त्याच्यासाठी.

म्हणून प्रत्येक वस्तीत चार पोरं-पोरी बसवा. बीकॉम झालेली, टायपिंग येणारी, इंग्रजी वाचणारी. आळीतल्या प्रत्येक नंबरवाल्याचा पासवर्ड, मोबाइल, ई-मेल त्याच्या स्वतःच्या नावावर करून द्या. दर आठवड्याला पोर्टल उघडा, सगळे कोपरे बघा. कागद देताना यादी करा, झेरॉक्स ठेवा, पोच घ्या, सही-शिक्क्याची. आदेश आला त्या दिवशी भिंतीवर खडूनं तारीख लिहा आणि तीन महिने पुढची तारीख तिच्या खाली. अपील एपीएल-०१ मध्ये. 'मिटवून टाकू' म्हणणाऱ्याला एकच वाक्य ऐकवा: लिहून दे.

परवा मामाकडं गेलो होतो. दोन मशिनींच्या रिकाम्या जागेवर पोती टाकलीत. चहा देताना मामानं विचारलं, "भाच्या, तू बीकॉम ना रे? तेव्हा कुठं होतास?"

मी मोर्चात होतो, दोस्तांनो. दुसऱ्या कुणाच्या तरी.