पदराखालचं डोकं

आमच्या महिला मंडळानं यंदा 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, एक छोटं नाटुकलं बसवायचं ठरवलं. दरवर्षीचा कार्यक्रम ठरलेला. लहान मुली नऊवारी नेसून येतात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकात नथ, भाषण, बक्षीस, चहा-बिस्किटं. यंदा काहीतरी वेगळं करू, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. विषय निघाला तो फुले दाम्पत्यानं 1863 साली पुण्यात सुरू केलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल मारू नये, म्हणून काढलेलं घर. यशवंत हा तिथंच एका विधवेला झालेला मुलगा. तो पुढं जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, एवढ्या भांडवलावर वेशभूषा आणि रंगभूषेचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पात्रं मोजून चार. त्यात रात्री दार ठोठावणाऱ्या तरुण विधवेचं काम आमच्यातल्याच एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे होतं. पहिल्या तालमीला ती हौसेनं तयार होऊन आली. पांढरीशुभ्र साडी, पांढरं ब्लाउज, कपाळ मोकळं आणि कमरेपर्यंत सोडलेले, स्ट्रेटनिंग केलेले केस. ‘काकू, मालिकेत अश्शीच असते ना विधवा?’ म्हणाली. तिचं काय चुकलं सांगा? तिनं जे पाहिलं तेच केलं. पण मला तिथंच खटकलं. म्हटलं, दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्यातली बाई खरंच अशी दिसत असेल का? आणि मी शोधायला लागले.

पहिली अडचण फोटोंची. छायाचित्रणाची कला आपल्याकडे आली 1840च्या सुमारास, पण घरंदाज बाई कॅमेऱ्यासमोर बसायला पुढची कितीतरी वर्षं गेली. डॉ. आनंदीबाई जोशींचा अमेरिकेतला साडीतला फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय, तो 1885चा. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला 1894 साली. म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे जुन्या काळची बाई म्हणून जी उभी राहते ती बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, आणि तीही चित्रकारानं सजवलेली. त्याआधीच्या साध्यासुध्या बाईसाठी दागिने, वस्तू आणि शब्द यांच्याकडेच जावं लागतं.

आणि शब्द तरी किती सुरेख! खोपा, अंबाडा, बुचडा. तीनपेडी, पाचपेडी वेणी. केस कमी असले तर गंगावन. डोक्यातल्या दागिन्यांत राखडी, मूद, केवडा, केतक, अग्रफूल, वेणीच्या टोकाला गोंडे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर जुन्या फण्या आणि कुंकवाचे करंडे सावकाश बघा. एका गोष्टीकडे मात्र माझं लक्ष आधी कधी गेलं नव्हतं. हे सगळं बांधलेल्या केसांचं सामान आहे. मोकळे केस सोडून बाई घरात-दारात वावरायचीच नाही. न्हाल्यावर वाळवण्यापुरते केस मोकळे. एरवी मोकळे केस म्हणजे दुःख, राग, नाहीतर अंगात येणं. ‘तिन्हीसांजेला केस सोडून बसू नये’ हे आपण आईकडून ऐकलंयच की. माझी आजी तर नुसता वाकडा भांग दिसला तरी नाक मुरडायची. मग ऐतिहासिक मालिकांतल्या राण्या आणि दासी वाऱ्यावर केस उडवत वाड्यात कशा फिरतात? उत्तर सोपं आहे. आज मोकळे केस छान दिसतात, शाम्पूच्या जाहिरातीशी जुळतात.

इथवर मला गंमत वाटत होती. विधवेपाशी आल्यावर गंमत संपली.

महाराष्ट्रातल्या ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांतल्या विधवेला केसच नसायचे. नवरा गेला की केशवपन. आणि ते एकदा करून भागायचं नाही. केस वाढले की पुन्हा न्हावी, असं मरेपर्यंत. अंगावर पांढरी साडी नव्हे, तर तांबडं, जाडंभरडं आलवण. डोक्यावरून घट्ट पदर. पांढऱ्या साडीतली, लांबसडक केसांची विधवा आपल्याकडे सिनेमातून आली. बहुजन समाजातल्या बऱ्याच जातींत केशवपन नव्हतं, पाट लावायची चालही होती. म्हणजे सगळ्या विधवा सारख्याच दिसायच्या असंही नाही. जात कोणती, घर कोणतं, त्यावर बाईच्या डोक्यावरचे केस ठरायचे. केस राखलेल्या विधवेला ‘सकेशा’ असा वेगळा शब्दच होता. केस असणं हेही सांगायची गोष्ट होती, यातच सगळं आलं.

आमच्या गल्लीत नव्वदीच्या एक आजी आहेत. त्यांना विचारलं. त्यांच्या माहेरी वडिलांची आत्या सोवळी होती. ‘न्हावी परसदारी यायचा,’ आजी सांगत होत्या, ‘आत्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या. आम्हा पोरांना तिकडं फिरकायची बंदी. एकदा मी डोकावले तर आईनं पाठीत धपाटा घातला.’ मी विचारलं, आत्याचं नाव काय होतं? आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सोवळ्या आत्याच म्हणायचो ग. नाव नाही आठवत.’

हे लिहून ठेवणारी माणसं होती म्हणून तरी आपल्याला कळतं. ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतली यमू आठवा. शिकू पाहणाऱ्या त्या मुलीचं शेवटी जबरदस्तीनं केशवपन होतं. विधवाविवाहाचा कायदा 1856 सालीच झाला होता, पण कायदा कागदावर आणि न्हावी परसदारी, अशी स्थिती पुढंही कितीतरी वर्षं राहिली. 1890 साली सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिक बांधवांनी ठरवलं, की आम्ही विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. ज्या कामाची मजुरी मिळायची, तेच काम त्यांनी नाकारलं. ज्या घरांतल्या या बायका होत्या, त्या घरातल्या शिकल्यासवरल्या पुरुषांच्या आधी त्यांच्या दारात येणाऱ्या कारागिराला लाज वाटली.

आता आजच्याकडे येऊ. ऐतिहासिक सिनेमांवरून आपल्याकडे वाद काही कमी होत नाहीत. 2015 साली ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’ गाण्यावरून केवढा गदारोळ झाला, काशीबाई अशी नाचेल का म्हणून. 2025 साली ‘छावा’तला लेझीमचा प्रसंग आक्षेपानंतर काढावा लागला. राजघराण्याची प्रतिष्ठा जपली पाहिजे, कबूल. पण विधवेच्या डोक्यावर केस दाखवले म्हणून कुणी निवेदन दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. उलट खरं दाखवायला गेलं तर विरोध होतो. दीपा मेहतांच्या ‘वॉटर’साठी शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी 2000 साली मुंडण केलं होतं, पण वाराणसीतलं चित्रीकरण बंद पाडलं गेलं. पुढं काही वर्षांनी तो सिनेमा दुसऱ्या नट्या घेऊन श्रीलंकेत पुरा करावा लागला.

मला वाटतं, याचं कारण आपल्याला नीट ठाऊक आहे. राणीचा नाच चुकला तर दोष दिग्दर्शकाचा. विधवेचं बोडकं डोकं खरं दाखवलं तर दोष आपल्या पणजोबांचा. म्हणून आपण तिला केस देतो, पांढरी साडी देतो आणि तिला ‘सोज्वळ’ करून टाकतो. पडद्यावरची विधवा सुंदर दिसते, आपले डोळे पाणावतात आणि कुणाला काही विचारावं लागत नाही. खरं तर ‘बोडकी’ हा शब्द अजूनही भांडणात शिवी म्हणून वापरला जातो. शिवी आपण जपून ठेवली आणि ती जिच्यावरून आली तिला मात्र विसरलो.

आमच्या मंडळातही तेच झालं. टकलाचा टोप आणायचा म्हटल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘जयंतीच्या दिवशी ते अभद्र कशाला?’ ड्रेपरीवाल्याकडे गेले तर त्यानं विचारलं, ‘विनोदी पात्र आहे का?’ त्याच्याकडे टकलाचे टोप होते ते सगळे हसवण्यासाठीचे. त्या मुलीच्या आईलाही पटेना. लग्नाची मुलगी, लोक काय म्हणतील! वादावादी चालली होती तेव्हा आमची एक मैत्रीण कोपऱ्यात बसून साड्यांच्या घड्या घालत होती. 2021 साली तिचे यजमान करोनात गेले. हाताला इतकी हुशार, की शाळेच्या गॅदरिंगला गावातल्या निम्म्या मुलींच्या वेण्या तीच घालते. ती घडी घालता घालताच म्हणाली, ‘दाखवा. माझे केस काही कुणी कापले नाहीत. पण गजरा घ्यायला गेले तर गजरेवाली विचारते, कुणासाठी नेताय?’

पुढं कुणी काही बोललं नाही. टोप आणला.

ती एका वाक्यात जे बोलली तेच आजचं चित्र आहे. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की गावात विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचं अनुकरण करावं म्हणून परिपत्रक काढलं. केवढी मोठी गोष्ट! पण मी कामाच्या निमित्तानं गावोगाव जाते, बायकांशी बोलते. ठराव चावडीत होतो. बांगड्या फुटतात त्या घरात, आणि त्या वेळी तिच्याभोवती बसलेल्या असतात त्या आपणच, बायका. त्या काळी निदान न्हाव्याला बोलवावं लागायचं. आता ते काम आपणच करतो. गजरेवालीचा प्रश्न हासुद्धा एक वस्तराच आहे, फक्त तो दिसत नाही.

आमचं नाटुकलं झालं. मुलीचे केस चापूनचोपून बांधले, वर टोप, त्यावर तांबड्या आलवणाचा पदर. ती सावित्रीबाईंच्या पाया पडायला वाकली आणि पदर घसरला. मागं बसलेली दोन-तीन पोरं फिस्सकन हसली. मग हॉल एकदम शांत झाला. पुढच्या रांगेत आमच्या नव्वदीच्या आजी होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीजवळ गेल्या, टोपावरूनच तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि काही न बोलता घरी गेल्या. आता त्या मुलीच्या मैत्रिणी विचारतायत, साडी पांढरी का नव्हती? विचारू देत. नाटक त्यासाठीच होतं.

मैत्रिणींनो, संक्रांत तोंडावर आलीय. हळदीकुंकवाच्या याद्या निघतील, वाणं ठरतील. आम्ही यंदा मंडळाच्या यादीतून एकीचंही नाव गाळलेलं नाही. एक-दोघी नाराज आहेत, अध्यक्षबाई अजून ‘बघू’ म्हणतायत. मी मात्र गजरेवालीला आधीच सांगून ठेवलंय, या वेळी जितक्या बायका तितके गजरे, आणि कुणासाठी ते विचारायचं नाही. तुमच्या यादीत कुणाचं नाव राहिलंय, एकदा बघाल?