संगणकाची झालर काढा

उन्हाळा लागला की पालकांची एक ठरलेली तक्रार आमच्याकडे येते, "सर, कॉम्प्युटर अर्धा-पाऊण तास चालतो आणि आपोआप बंद पडतो." व्हायरस शिरला असेल, असं त्यांना वाटत असतं. डबा उघडून पाहिला की बहुतेक वेळा धूळ सापडते.

संगणकाचा प्रोसेसर चालताना तापतो. त्याच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा आणि त्या ठोकळ्यावर पंखा बसवलेला असतो. पात्यांच्या फटींतून वारा खेळला की उष्णता बाहेर पडते. फटी बुजल्या की पंखा घरघरत राहतो, पण वारा पुढे जात नाही. मग प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद करतो. हा इशारा समजावा. तो न ओळखता रोज बटण दाबून पुन्हापुन्हा चालू करत राहिलं, तर आतले भाग खरोखरच निकामी होऊ लागतात.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव इथल्या यंत्रमागाच्या वस्त्यांत हा त्रास फार. तिथं हवेत मातीबरोबर सुताचे बारीक तंतूही तरंगतात. पंखा ते ओढून घेतो आणि पात्यांवर त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. अशाच एका घरी नववीतल्या मुलीसाठी पै पै साठवून जुना संगणक घेतलेला होता. दुरुस्तीवाल्यानं 'मदरबोर्ड गेला' म्हणून सांगितलं आणि तिचे अब्बा तो भंगारात द्यायला निघाले. आम्ही पंखा सोडवला, तर खालून तंतूंचा अख्खा पापुद्रा सोलल्यासारखा निघाला. मशीन त्याच संध्याकाळी सुरू झालं. मुलीची तालीम एवढ्याशा कचऱ्यावर अडायची होती, याचंच आम्हाला वाईट वाटलं.

आपल्या घरांत संगणकाला झालरीचं किंवा क्रोशाचं कव्हर घालायची हौस आहे. अम्मीनं रात्री जागून विणलेलं कव्हर काढा म्हणायला जीभ रेटत नाही, पण काम सुरू असताना ते अंगावर असणं म्हणजे तापाच्या रोग्यावर रजई टाकणं. मशीन बंद करून, निवल्यावर खुशाल झाका. चालू असताना मागची बाजूसुद्धा उघडी हवी आणि भिंतीपासून वीतभर अंतर हवं. डबा जमिनीवर ठेवू नये. झाडूची धूळ आणि पोछ्याचं पाणी दोन्ही तिथंच पोहोचतं. स्टूल किंवा चौरंग पुरे. झाडताना संगणक बंद ठेवावा. लोबान, अगरबत्ती आणि रमजानमधल्या भजी-समोशांच्या तळणीचा धूर यांच्यापासून तो लांबच बरा, कारण या धुराचा चिकटा बसला की त्यावरची धूळ नुसत्या फुंकरीनं निघत नाही.

फुंकरीवरून आठवलं, तोंडानं फुंकू नका. थुंकीचे कण आत उडतात. सफाईआधी वायर भिंतीतून काढावी, मग चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच आत हात घालावा. अंगावरच्या स्थिर विजेनं नाजूक भाग जळू शकतात. रंगाचा एक इंची, कोरडा, मऊ ब्रश या कामाला उत्तम. ब्लोअर वापरलात तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नये, त्याच्या नळीतही स्थिर वीज तयार होते. ओलं फडकं तर नकोच.

वीजपुरवठ्याचा वेगळा लोखंडी डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात जोरदार झटका देण्याइतकी वीज साठलेली असू शकते. बाहेरून जाळीवर ब्रश फिरवा, बस्स. मशीनची वॉरंटी चालू असेल तर सील तोडण्याआधी दुकानात विचारावं.

साध्या घरात तीन-चार महिन्यांतून एकदा ही सफाई पुरते. मागाशेजारी राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा करावी. काहीजण हवा शिरते त्या बाजूला बारीक जाळी लावतात. कल्पना चांगली आहे, पण जाळी दर आठवड्याला झटकणार असाल तरच. तुंबलेल्या जाळीपेक्षा उघडं छिद्र परवडलं. लॅपटॉपवाल्या मुलामुलींना एवढंच सांगणं, की गादीवर ठेवून अभ्यास करू नका. गादीत खालची छिद्रं बुजतात आणि कापूसही आत ओढला जातो. खाली पाट किंवा मोठी जाड वही घ्या.

ईदआधी घराला रंग काढायचा असेल, तर भिंती घासायला सुरुवात होण्यापूर्वीच संगणक बंद करून, सगळ्या वायरी काढून, जाड प्लास्टिकमध्ये पुरता गुंडाळावा आणि शक्य तर दुसऱ्या खोलीत हलवावा. भिंत घासल्याची पूड पिठाहून बारीक असते. घर पुसून झाल्यावर एक दिवस जाऊ द्या, मगच तो सोडा.