पराणी कोणाच्या हातात?

ग्रीक शोकात्मिका मराठीत आली ती इंग्रजी विभागांच्या अभ्यासक्रमांतून आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘राजा ओयदिपौस’सारख्या (1979) रूपांतरांतून, हे मराठी समीक्षेने इतके गृहीत धरले आहे की वसईच्या ख्रिस्ती घरांतले मराठी बायबल तिच्या हिशेबातच येत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ याच वसईतले. 2020 च्या उस्मानाबाद संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तरीही हा ग्रंथ ‘ख्रिस्ती साहित्या’च्या कप्प्यातच राहिला.

‘प्रेषितांची कृत्ये’च्या सव्विसाव्या अध्यायात पौलाला ऐकू आलेल्या वाणीत पराणीवर लाथ मारण्याची प्रतिमा आहे. संहितेप्रमाणे ती वाणी हिब्रू भाषेतली. प्रतिमा मात्र ग्रीक नाटकांत रुळलेली. युरिपिडीसच्या ‘बाखी’त ती आहे आणि त्यापूर्वी, इ. स. पू. 458 मधल्या ईस्किलसच्या ‘आगामेम्नॉन’मध्येही आहे. तेव्हा नव्या कराराने ती युरिपिडीसकडूनच घेतली, असे ठामपणे म्हणता येत नाही. तो वाद इथे गौण आहे.

आक्षेप आहे तो या ओळीला ‘युरिपिडीसचे शहाणपण’ म्हणून सुटी काढण्यावर. ही खोड जुनी आहे. पाचव्या शतकात स्टोबिअसने वचनसंग्रह केला, आणि हरवलेल्या नाटकांचे कितीतरी तुकडे त्यामुळेच वाचले, हे त्याचे ऋण. पण तुकड्याबरोबर बोलणारे पात्र क्वचितच वाचते. आपली सुभाषितप्रेमी समीक्षा तर हाती असलेल्या सबंध नाटकाचेही तेच करते.

‘बाखी’त ही ओळ कोण उच्चारतो? वेष पालटलेला दियोनिसस. तो पेंथ्यूसला नमते घेण्याचा सल्ला देतो आणि थोड्याच वेळात त्याच राजाला स्त्रीवेष चढवून डोंगरावर नेतो. तिथे त्याची आई उन्मादात त्याला फाडून टाकते. शेवटी वृद्ध काद्मोस देवाच्या या रोषावरच बोट ठेवतो. ‘आगामेम्नॉन’मध्ये बोलणारा आयगिस्थस आहे, राज्य बळकावलेला, ऐकणारे आर्गोसचे हतबल म्हातारे. तिथे तो उपदेश नव्हे, सरळ धमकी आहे. पौल मात्र वाचतो, प्रेषित होतो. काठी तीच, टोकाची लोखंडी आरही तीच. धरणारे हात तीन. बैल हाकलेला वाचक हा फरक चटकन ओळखील. समीक्षेला तो दिसू नये, याचे नवल वाटते!

पेंथ्यूस हट्टी आहेच. पण दियोनिससचे नाव गाळून त्याच्या हट्टाचा धडा शिकविणारा अध्यापक आयगिस्थसच्या बाजूला जाऊन उभा राहतो. हे तीन उतारे एका तासिकेत शेजारीशेजारी ठेवायला ग्रीक येणेही आवश्यक नाही.