मुद्रा कोणाच्या हातीं?

आजकाल कोणत्याहि सुशिक्षित घरीं संध्याकाळच्या वेळीं गेलें असतां एक वाक्य हमखास कानीं पडतें : "आजोबा, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला असेल, तो वाचा बरें." आजोबा चष्मा शोधतात, सहा अंक मोठ्यानें वाचतात आणि पलीकडच्या खोलींत नातू ते कोठेंसे टिपतो. विजेचें बिल भरलें जातें, आगगाडीचें तिकीट निघतें, सर्वांस समाधान वाटतें. यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु आपण जें मोठ्यानें वाचलें तें नेमकें काय होतें, हें बहुतेक आजोबांस कोणी सांगितलेलें नसतें. आणि तेंच वाक्य उद्यां परक्या माणसाच्या तोंडून आलें म्हणजे ते सहा अंक तितक्याच सहजतेनें वाचले जातात. या महिन्यांत त्याविषयीं चार शब्द लिहावे असें योजिलें आहे.

विशाखदत्ताचें 'मुद्राराक्षस' ज्यांनीं वाचलें असेल त्यांना हा विषय नवा वाटूं नये. नंदांचा स्वामिनिष्ठ अमात्य राक्षस पाटलिपुत्र सोडतांना आपलें कुटुंब चंदनदास या श्रेष्ठीच्या घरीं ठेवून जातो. राक्षसाच्या नांवाची आंगठी त्याच्या पत्नीच्या बोटांत असते. अर्थात् पुरुषाच्या मापाची, म्हणून सैल. लहान मूल दाराबाहेर धांवतें, त्याला आंत ओढण्याच्या गडबडींत ती आंगठी गळते आणि घरंगळत चाणक्याच्या हेराच्या पायापाशीं येते. बाईंना पत्ताहि नसतो. पुढचें सर्व नाटक म्हणजे त्या आंगठीचा पराक्रम होय. चाणक्य एक पत्र लिहवून घेतो, त्यावर ती मुद्रा उमटवितो, आणि तें पत्र मलयकेतूच्या हातीं पडतांच राक्षसाची जन्माची निष्ठा कवडीमोल ठरते. तो समोर उभा राहून नाकारतो, पण मुद्रा त्याचीच असते, त्याला काय करणार?

माणसाची ओळख पटविण्याच्या कामीं नांव, खूण आणि मुद्रा या तीन निरनिराळ्या वस्तु आहेत, आणि आपला सर्व गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यामुळें होतो. नांव आपण चार लोकांत सांगतों. खूण म्हणजे त्याच नांवाच्या दुसऱ्या माणसापासून आपणांस वेगळें करणारी गोष्ट. बँकेच्या खात्याचा क्रमांक, आधारचा बारा अंकी क्रमांक या खुणा होत. मुद्रा मात्र आपल्या इच्छेचा पुरावा आहे. ती उठली कीं "हें मीं केलें" असें जग मानतें. परवलीचा शब्द, पिन, आणि तो सहा अंकी ओटीपी, या आजच्या मुद्रा आहेत. पंचवीसतीस मुलांची हजेरी घेणाऱ्या मास्तरालाहि हा भेद ठाऊक असतो. नांव पुकारलें आणि "हजर" असा आवाज आला, एवढ्यावर भागविणारा मास्तर फसतो. मान वर करून तोंड पाहणारा सहसा फसत नाहीं.

आपल्याकडे नेमका उलटा प्रकार चालतो. खात्याचा क्रमांक, जो प्रत्येक चेकवर छापलेला असतो, तो सांगतांना आपण आवाज खालीं आणतों. आणि ओटीपी, जो देवालाहि सांगूं नये, तो "काका, मी बँकेंतून बोलतों" असें म्हणणाऱ्या कोणाहि गोडबोल्यास सांगून मोकळे होतों. पैसे मिळावयाचे असतां पिन कधींच लागत नाहीं, तो केवळ द्यावयाचे असतां लागतो, ही एवढी एक गोष्ट जरी घरोघरीं पाठ झाली तरी पुष्कळ घरें वाचतील.

आधारची गोष्ट थोडी अधिक विस्तारानें सांगितली पाहिजे. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी खेड्यांत दिला गेला. तो क्रमांक म्हणजे खूण. रस्त्यावर उधळूं नये हें खरें, पण केवळ तो कळल्यानें कोणी तुमचा पैसा नेऊं शकत नाहीं. आपण मात्र त्याच्या झेरॉक्स प्रती यात्रेंतल्या लॉजवाल्यापासून सिमकार्ड विकणाऱ्यापर्यंत वाटीत सुटलों आहोंत. मे २०२२ मध्यें आधार प्राधिकरणाच्या बंगळूर येथील कार्यालयानें अशा प्रती कोणासहि देऊं नका असें पत्रक काढलें, आणि दोनच दिवसांत सरकारनें तें गैरसमज होईल म्हणून मागें घेतलें! पत्रक गेलें तरी त्यांतील एक सोय कायम आहे. ज्यावर शेवटचे चारच अंक दिसतात आणि पहिले आठ झांकलेले असतात, अशी आधारची प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेतां येते. जेथें नुसती ओळख दाखवावयाची तेथें ती पुरते.

अंगठ्याच्या ठशाची गोष्ट मात्र निराळी आहे. ती खूणहि आहे आणि मुद्राहि आहे, आणि यांतच मोठा धोका आहे. जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरील ठसे उचलून, त्यांवरून कृत्रिम ठसे बनवून गरिबांच्या खात्यांतील पैसे काढल्याचे गुन्हे गेल्या कांहीं वर्षांत निरनिराळ्या राज्यांत उघडकीस आले आहेत. राक्षसाला दुसरी आंगठी घडवितां आली असती; दुसरा अंगठा कोठून आणावयाचा? यासाठीं प्राधिकरणानें बोटांचे व डोळ्यांचे ठसे कुलुपबंद ठेवण्याची सोय केली आहे, आणि काम पडेल तेव्हां तें कुलूप आपणच उघडावयाचें असतें. ज्यांना वर्षाकांठीं एकदांच अंगठा लावावा लागतो त्यांनीं ही सोय अवश्य करून घ्यावी.

वर्षाकांठीं एकदां म्हणजे नोव्हेंबरांत, हें आमच्यासारख्या पेन्शनरांस सांगावयास नको. हयातीचा दाखला घरबसल्या देण्याची 'जीवन प्रमाण' योजना १० नोव्हेंबर २०१४ रोजीं सुरू झाली. सोय उत्तम, पण सत्तरी उलटल्यावर बोटांवरच्या रेषा झिजतात, भांडीं घासून व शेतांत राबून त्या त्याआधींच झिजतात, आणि यंत्र म्हणतें, हा माणूस तो नव्हे. दुष्यंताच्या दरबारांत शकुंतला साक्षात् उभी होती, नव्हती ती फक्त आंगठी. आणि राजानें तिला ओळखलें नाहीं. २०२१ सालापासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाल्यामुळें बऱ्याच वृद्धांची ही विटंबना टळली आहे. ज्यांचें बोट उमटत नाहीं त्यांनीं पुनःपुन्हां अंगठा दाबीत न बसतां तिची मागणी करावी.

आतां थोडें आपल्याच लोकांविषयीं. कित्येक संस्था अद्याप "आईचें माहेरचें आडनांव काय?" असला प्रश्न गुप्त खूण म्हणून विचारतात. परदेशांत तें गुप्त असेल बापडें! आमच्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. त्यांत आईचें माहेर, आजीचें माहेर, जन्मतिथि, उपनयन, सर्व कांहीं पृष्ठांकासह मिळतें. वधूवरांच्या याद्यांत जन्मवेळ मिनिटासह, वर मोबाईलचा क्रमांक. कुलवृत्तांत जाळा असें मी म्हणत नाहीं. तो आपला ठेवा आहे. परंतु अशा प्रश्नाचें खरेंच उत्तर दिलें पाहिजे असा कोठेंहि नियम नाहीं. आईचें माहेर 'सिंहगड' म्हणून सांगावें आणि तें वहींत टिपून ठेवावें.

वहीवरून आठवलें. परवलीचा शब्द लिहून ठेवूं नये असा एक उपदेश सर्रास केला जातो, आणि त्याचा परिणाम असा होतो कीं लोक सगळीकडे एकच शब्द वापरतात, बहुधा नातवाचें नांव आणि जन्मसाल. याहू कंपनीवर २०१३ सालीं जो दरोडा पडला त्यांत तिच्या तीनशें कोटी खात्यांची माहिती गेली, हें कंपनीनें २०१७ सालीं कबूल केलें. अशा ठिकाणीं गेलेला शब्द चोर इतर सर्व दारांना लावून पाहतात. यास्तव प्रत्येक दाराला निराळी किल्ली हवी, आणि निराळ्या किल्ल्या डोक्यांत मावत नसतील तर घरच्या कपाटांतील वही वाईट नाहीं. आंतरजालावरचा चोर तुमच्या कपाटाशीं येत नाहीं. सर्वांत जपावयाचें तें ईमेलचें खातें. कारण इतर कोणताहि शब्द विसरला म्हणजे नवा शब्द ठरविण्याचें पत्र तेथेंच येतें. नव्या ठिकाणीं "गूगलच्या खात्यानें आंत या" असें विचारतात, त्यांत गूगल तुमचा जामीन राहतो. नवी किल्ली वाचते हें खरें. परंतु तुम्ही कोठें कोठें जातां हें जामीनदारास कळतें, आणि तें एक खातें गेलें तर त्यावर उभें असलेलें सर्व जातें. किरकोळ ठिकाणीं चालेल. पैशाच्या ठिकाणीं नको.

टेलिफोनवरून पोलीस अधिकारी म्हणून धमकावणारे आणि 'डिजिटल अटक' झाल्याचें सांगून वृद्धांस दिवसदिवस कॅमेऱ्यासमोर बसविणारे, यांच्याबद्दल वर्तमानपत्रांतून पुष्कळ येतें. अशी अटक कोणत्याहि कायद्यांत नाहीं. आपली ओळख दुसऱ्याला पटवून देण्याच्या घाईंत त्याची ओळख आपण मागतच नाहीं, हें त्यांतील मर्म आहे. अशोकवनांत मारुति आला तेव्हां सीतेनें त्याला प्रथम रावणच समजून संशय घेतला, रामलक्ष्मणांचीं लक्षणें विचारलीं, आणि मग पुढचें बोलणें झालें. ती एकदां भिक्षेकऱ्याच्या वेषाला फसली होती. फोन खालीं ठेवून, बँकेच्या पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करणें ही तीच परीक्षा होय. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. पैसे पुढें सरकण्यापूर्वीं अडविण्याची शक्यता पहिल्या कांहीं तासांतच असते.

"आमच्यापाशीं लपविण्यासारखें काय आहे?" असें विचारणारे सज्जन पुष्कळ भेटतात. त्यांना एका वृद्धाची गोष्ट सांगावीशी वाटते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति के. एस. पुट्टस्वामी यांनीं २०१२ सालीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्या प्रकरणीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें ठरविलें कीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढें २६ सप्टेंबर २०१८ रोजीं आधारचा कायदा बहुमतानें कायम राहिला, पण बँकखातें आणि मोबाईल यांस आधार जोडण्याची सक्ति गेली. पॅनची जोडणी तेवढी राहिली. न्यायमूर्ति २०२४ सालीं वारले. ऑगस्ट २०२३ मध्यें वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाहि झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्यानें लागू व्हावयाचे आहेत. त्या कायद्याप्रमाणें आपली संमति ज्या मजकुरावर मागतील तो मजकूर मराठींतहि मागण्याचा आपणांस हक्क आहे. दुकानांत दोन साबण घेतांना मोबाईलचा क्रमांक विचारतात, तेथें "देत नाहीं" असें शांतपणें म्हणून पाहावें. साबण मिळतो.

परंतु मला खरी काळजी वाटते ती दुकानदारांची नाहीं, आपल्या घरांतल्या व्यवस्थेची. आमच्या पिढींत बायकोचें खातें असलें तरी त्यास मोबाईल नवऱ्याचा जोडलेला असतो, आणि नवऱ्याच्या खात्यास पुष्कळदां मुलाचा. मुलगा परदेशीं जातो, येथला क्रमांक बंद पडतो. बंद पडलेला क्रमांक नव्वद दिवस कोणास देत नाहींत. त्यानंतर तो अनोळखी माणसाच्या हातीं जाऊं शकतो, आणि आपली मुद्रा त्याच्या खिशांत वाजूं लागते. माझ्या परिचयाच्या एका बाईंचे यजमान वारले. त्यांचें सिमकार्ड दुःखाच्या दिवसांत कोणी भरलें नाहीं, तें गेलें. खातें बाईंचें, पैसा बाईंचा, सही बाईंची. पण प्रत्येक वेळीं ओटीपी जावयाचा तो वारलेल्या माणसाच्या क्रमांकावर. बँकेंत त्यांना "मुलाला घेऊन या" असें सांगण्यांत आलें. पस्तीस वर्षें नोकरी करून स्वतः पेन्शन घेणारी ती बाई! प्रेमानें केलेल्या व्यवस्थेंत तिची मुद्रा तिच्या बोटांत कधीं नव्हतीच, हें तिला त्या दिवशीं कळलें.

दिवाळींत मुलें घरीं येतील तेव्हां फराळ आटोपल्यावर त्यांना तासभर बसवावें, आणि कोणत्या खात्यास कोणाचा क्रमांक जोडला आहे, वारस म्हणून कोणाचें नांव आहे, हें त्यांच्याकडून एका वहींत उतरवून घ्यावें. घरांतील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचें सिमकार्ड त्याच्या स्वतःच्या नांवावर असावें, आणि आईच्या खात्यास आईचाच क्रमांक जोडावा. ती वही मात्र मुलांनीं बरोबर नेऊं नये. ती आईच्या कपाटांत, तिच्या किल्लीखालीं राहावी.