गुंजभर दारू

माझे वडील सोनार. त्यांचा काटा काचेच्या पेटीत असे, आणि तोलताना कोणी दारात येऊन उभे राहिले तरी ते हात थांबवीत. वारा लागतो म्हणत. गुंजेला आमची निम्मी गिऱ्हाइके गुलगंजी म्हणत, पण हिशोब एकच: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा.

हे आठवले २०१८ साली टेक्सासमध्ये, मेव्हण्याच्या गॅरेजात. तो हजार यार्डांवरच्या नेमबाजीच्या स्पर्धांत उतरतो आणि काडतुसे स्वतः भरतो. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो, तेव्हा कोणी हौसेने उठू नये.) मी खुर्ची ओढतो न ओढतो तोच हुकूम आला, "दाजी, फ्यान बंद माड्री."

ही दारू म्हणजे पूड नव्हे. पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे करावेत तसे दाणे. मापाच्या यंत्राचा दांडा ओढला की ठरावीक दारू पडते खरी, पण दाणे कधी दाटून बसतात, कधी पोकळ. मुठीने तांदूळ मोजावेत तसेच ते. म्हणून तो यंत्राने थोडी कमीच टाकी आणि उरलेली काट्यावर, एका बारीक नळीतून, दाणा दाणा पाडी.

वजन ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. इंग्रजी अमदानीतला आपला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे गुंज दोन ग्रेनांना किंचित कमी. आणि हा गृहस्थ ग्रेनाच्या दहाव्या भागासाठी अडून बसलेला! दारू कमीजास्त झाली की गोळीचा वेग बदलतो, आणि तेवढ्या लांबवर ती वर-खाली लागते. फारच जास्त पडली तर दाब वाढून बंदूक फुटू शकते, तीही गालाशी धरलेली.

पंखा बंद, उकडू लागले. मी मधले दार उघडले. घरातला एसीचा गारवा आत आला, गप्पा रंगल्या. एरवी तो दर पाच पुंगळ्यांनंतर ठाऊक वजनाचा तुकडा काट्यावर ठेवून पाही. त्या रात्री थेट विसाव्यानंतर ठेवला. आकडा तीन दशांश ग्रेनांनी चुकला. इलेक्ट्रॉनिक काटा तापमान बदलले की सरकतो म्हणे.

"एवढं चालतंय की," मी म्हणालो.

"केव्हापासून चुकला ते कुठं ठाऊक आहे, दाजी?"

गोळ्या अजून बसवायच्या होत्या. त्याने विसही पुंगळ्या पुन्हा डब्यात ओतल्या. सकाळी स्पर्धा होती.

वडिलांना एकदा एक वजन झिजलेले आढळले होते. गेल्या महिन्याची वही काढून त्यांनी गिऱ्हाइकांना बोलावले आणि फरक दिला. घरात आईने दोन दिवस अबोला धरला. मला तेव्हा आईचेच पटले होते.

विसावी पुंगळी भरली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. तोवर मी मधल्या दाराला पाठ लावून बसलो होतो, ते कोणी उघडू नये म्हणून.