वीजदर ठरवणारी खुर्ची कुणाच्या मतावर उभी आहे?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात विजेचे दर ठरवणारा पाच जणांचा आयोग लोक मतदानाने निवडतात. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यातल्या दोन जागांसाठी मतदान झालं. अ‍ॅलिशिया जॉन्सन आणि पीटर हबर्ड हे डेमोक्रॅटिक उमेदवार साठ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन निवडून आले. पक्षाच्या तिकिटावर लढून जॉर्जियात राज्यव्यापी पद जिंकणाऱ्या जॉन्सन या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. ही आनंदाची बातमी आहेच. पण मला त्यामागचा खटला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याची कागदपत्रं वाचताना मला सारखं येरवडा आठवत होतं.

तिथली पद्धत अशी. राज्याचे पाच विभाग केलेले आहेत आणि उमेदवार त्या त्या विभागाचा रहिवासी असावा लागतो. मतदान मात्र सगळं राज्य करतं. लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण एक तृतीयांश आहेत. अटलांटाच्या आसपासच्या विभागात ते बहुसंख्य आहेत, पण त्या विभागाचा आयुक्त कोण, हे त्यांच्या एकट्याच्या मतावर ठरत नाही. मतपेटी त्यांच्या दारात असते आणि निकाल लांबच्या गोऱ्या वस्त्यांत लागतो.

२०२० साली चार कृष्णवर्णीय मतदारांनी याविरुद्ध खटला भरला. आमच्या मताचं वजन या पद्धतीत विरघळून जातं आणि हे १९६५ च्या मतदान हक्क कायद्याविरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायाधीश स्टीव्हन ग्रिमबर्ग यांनी ते मान्य केलं आणि त्या वर्षीची आयोगाची निवडणूक थांबली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला: राज्याने कोणती पद्धत ठेवावी हा राज्याचा प्रश्न, त्यात न्यायालयाने हात घालू नये. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. खटला हरला.

या काळात ज्यांची मुदत संपली होती ते आयुक्त खुर्चीवरच होते, आणि दरवाढीचे निर्णयही होत होते. व्होगल अणुवीज केंद्राच्या दोन नव्या अणुभट्ट्यांचा मूळ अंदाज १४ अब्ज डॉलरचा होता, तो खर्च ३० अब्जांच्या वर गेला. त्याचा मोठा भाग ग्राहकांच्या बिलात उतरला. शेवटी निवडणूक झाली तेव्हा गोऱ्या मतदारांच्या घरातही तीच बिलं येऊन पडलेली होती. म्हणून जुन्याच पद्धतीत वेगळा निकाल लागला. त्यामुळे पद्धत न्याय्य ठरली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बहुसंख्याकांना त्याच वर्षी तोच चटका बसावा लागतो, तेव्हाच अल्पसंख्याकांचं मत कामाला येतं, यालाच तर ते चार मतदार हरकत घेत होते. शेजारच्या भागात लुइझियाना राज्य आपला आयोग विभागवार निवडतं. तिथे विभागाचा माणूस विभागच ठरवतो. म्हणजे दुसरी पद्धत अशक्य होती असं नाही.

आता येरवडा. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात प्रांतिक कायदेमंडळांत आपल्याला १४८ राखीव जागा मिळाल्या. आधीच्या निवाड्यात ७१ होत्या. आकडा दुपटीने वाढला, पण त्या ७१ जागांवर माणूस निवडणारे आपणच होतो. १४८ जागांवर अंतिम कौल सगळ्यांचा. बाबासाहेबांनी निदान प्राथमिक निवडणुकीची अट घालून घेतली होती, म्हणजे आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग संयुक्त मतदान. राज्यघटनेत राखीव जागा आल्या, ही पायरी आली नाही. जॉर्जियाचा 'रहिवासी विभागातला, मतदार राज्यभरचे' हा नियम मला म्हणूनच ओळखीचा वाटतो. चेहरा तुमचा, किल्ली दुसऱ्याकडे. (फरकही आहे. तिथे वंशावर राखीव जागा नाही, फक्त पत्त्याची अट आहे.)

आणि आपल्याकडे? आपल्याकडे किल्लीचा प्रश्नच येत नाही, कारण दार कुठे आहे हेच बहुतेकांना माहीत नाही. विद्युत अधिनियम २००३ प्रमाणे राज्य विद्युत नियामक आयोगात अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन सदस्य असतात. निवड समितीत उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, राज्याचे मुख्य सचिव आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष. ही समिती एका जागेसाठी दोन नावं सुचवते, सरकार एक उचलतं. पात्रतेचं कलम ८४ सांगतं की अभियांत्रिकी, वित्त, वाणिज्य, अर्थशास्त्र, विधी किंवा व्यवस्थापन यांतलं ज्ञान हवं. समाजशास्त्र त्यात नाही, ही माझी तक्रार दुय्यम आहे. मुख्य तक्रार अशी की, महिन्याचं बिल भरताना कोणता खर्च मागे ढकलावा लागतो हे ज्ञानात मोजलं जात नाही, आणि आरक्षणाचा तर या कलमांत शब्दही नाही.

ज्यांना हे तांत्रिक वाटतं त्यांनी घरचं बिल काढून पाहावं. जिथे स्थिर आकार जोडणीमागे एकच असतो, तिथे साठ युनिट वापरणारी खोली आणि तीनशे युनिट वापरणारा फ्लॅट तो सारखाच भरतात. तो किती असावा, वाटप कसं व्हावं, हे सगळं दराच्या आदेशात ठरतं. तो आदेश ते तीन जण काढतात. आपल्या वस्तीतली कुणीही व्यक्ती कधी तिथे बसली होती का, हा प्रश्न मी माझ्या विभागातल्या एका चर्चासत्रात विचारला तेव्हा उत्तर आलं, 'इथे गुणवत्ता लागते.' बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते आणि देशाच्या वीज धोरणाची पायाभरणी त्या खात्यातून झाली, हे त्या सभागृहात कुणाला आठवलं नाही.

आयोगाची थेट निवडणूक घ्या, असं मी म्हणणार नाही. वीज कंपन्यांचा पैसा आणि आपल्याकडची जातीची गणितं पाहता ती निवडणूक कुणाच्या हातात जाईल हे सांगायला नको. मागणी यापेक्षा साधी असायला हवी: निवड समितीपुढे आलेल्या अर्जदारांची सामाजिक वर्गवारी प्रसिद्ध करा, कलम ८४ मध्ये ग्राहक प्रश्नांवरचं काम पात्रता म्हणून धरा, आणि तीनपैकी एक जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी फिरत्या क्रमाने राखा. यासाठी संसदेत दुरुस्ती लागेल. आपले खासदार यावर बोलले नाहीत, कारण आपणही त्यांना विचारलं नाही.

दुरुस्ती होईपर्यंत दोन वाटा कायद्यात आजच आहेत. दरासाठीचा अर्ज संक्षिप्त रूपात प्रसिद्ध करावाच लागतो, आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला आदेश काढता येतो. हरकत पाठवायला वकील लागत नाही. दुसरी वाट कलम ९४ ची: ग्राहकांचं हित मांडण्यासाठी आयोग कुणाही व्यक्तीला अधिकृत प्रतिनिधी नेमू शकतो. बी.कॉम., बी.ई., एलएल.बी. झालेली आपली कितीतरी मुलं-मुली नोकरीच्या जाहिराती वाचत बसली आहेत. त्यांतल्या चार जणांनी एक याचिका मिळून वाचली तर महिन्याभरात ती समजते. पुढच्या सुनावणीत वस्तीच्या वतीने हरकत कोण मांडणार, हे आपल्या अभ्यासिकेत आणि विहारात येत्या रविवारी ठरवता येईल.